आत्याची टाकी

आमची आत्या सकाळी उठली की देवाच्या आधी नाल्याला शिव्या घालायची. मुरबाडच्या बाजूचा कापड रंगवायचा कारखाना त्यात पाणी सोडायचा, कधी लाल, कधी निळं. उन्हाळ्यात आत्याची भेंडी त्याच पाण्यावर उभी असायची, कारण दुसरं पाणी नव्हतं. "आज कोनाचं लुगडं धुतलं रे?" असं बांधावरून ओरडल्याशिवाय तिला चहा जात नसे.

कारखान्याच्या फाटकावर बसून ती इतकं भांडली, की शेवटी त्यांनी नाल्याकाठी एक टाकी बांधून दिली. आत लोखंडी पट्ट्या टांगलेल्या. त्यांतून वीज सोडली की दूध नासावं तशी घाण गुठळ्यांनी वेगळी व्हायची आणि निवळ पाणी पाटाने भेंडीला जायचं. पट्ट्या मात्र गंजायच्या, झिजायच्या. टाकी बसवणाऱ्या इंजिनियरचं एक वाक्य आत्याने पक्कं धरलं होतं. "लोखंड झिजतं म्हनून घान बसते. झिजू द्या त्याला," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायची. पट्ट्या काढून काथ्याने घासायची, आणि लोडशेडिंग झालं की वीजवाल्यांचाही उद्धार करायची.

मग कोणी मोठे साहेब टाकी बघायला येणार असं ठरलं. आत्या तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कल्याणला होती. सरपंचांना गंजक्या पट्ट्यांची लाज वाटली. पावसाळ्याआधी आपण खिडक्यांचे गज रंगवतो, तसा त्यांनी पट्ट्यांना चंदेरी ऑइलपेंट मारून घेतला. रंगाच्या थरातून वीज पाण्यात उतरणार कशी? साहेबांनी हार घेतले, फोटो काढले, पाण्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. आत्याला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला याचा संताप येतो.

ऑपरेशन होऊन आत्या एसटीतून उतरली ती डोळ्यावरच्या हिरव्या कापडासकट थेट टाकीवर गेली. पाटात लाल पाणी चाललं होतं.

"चांगलं दिसावं म्हनून केलं, आत्या," सरपंच म्हणाले.

"सायबाला दिसलं चांगलं. माज्या भेंडीनं काय प्यायचं?"

कारखान्याला तेवढं निमित्त पुरलं. गावाला यंत्र सांभाळता येत नाही म्हणत त्यांनी वीज तोडली आणि पट्ट्या भंगारात घातल्या. आत्या पुन्हा फाटकावर जाऊन बसली. गावातून सोबत कोणी गेलं नाही, सरपंच तर नाहीच.

पुढच्या उन्हाळ्यात तिने भेंडी लावली नाही. "इख पिकवून कोनाच्या पोराला घालू?" म्हणाली. मुरबाडच्या बाजारात ती पहिल्यांदाच भेंडी विकत घेत होती, मी सोबत होतो.

"कुठल्या पान्यावरची गो?"

"आपल्याच नाल्यावरची, आत्या. दुसरं पानी हाय कुठं?" टोपलीवाली मान खाली घालून म्हणाली.

आत्याने निवडलेली भेंडी परत टोपलीत ठेवली. मागे कल्याणच्या जीपची घाई असलेली एक बाई उभी होती, कडेवर मूल. तिने तीच भेंडी उचलून पिशवीत भरली.