माळ्यावरचं पाचट

लढाईच्या दिवसांत वाईतल्या आमच्या जुन्या घराचे पत्रे उन्हाळ्यात असे तापत, की खालच्या खोलीत बसवत नसे. म्हणून माळ्यावर उसाचं वाळलेलं पाचट पसरायला मी एक गडी बोलावला. तो म्हसवडकडचा होता, उंच आणि अबोल. मूठभर पाचट घ्यायचा, झटकायचा आणि तान्ह्या मुलाचं अंथरूण घालावं तसं हलक्या हातानं पसरायचा. मला वाटलं, हा पोकळ भरून चार भाऱ्यांत काम उरकतोय. तो पुढचा भारा आणायला खाली उतरला, तसं मी धोतर खोचून सगळं पाचट तुडवून घट्ट केलं.

तो वर आला. माझ्या घामाकडे आणि पायांकडे बघत राहिला. मग उकिडवा बसून एकेक मूठ पुन्हा मोकळी करू लागला.

"आवं मास्तर, पोकळ हाय म्हणून तर ऊन आडतंय," तो म्हणाला. "आत हवा कोंडून ऱ्हायली पायजे. तुमी शाळंत काय शिकवता?"

अकरा वर्षं मी शास्त्र शिकवत होतो. कोंडलेली हवा उष्णता अडवते, हा धडा तर मला तोंडपाठ होता.

"संस्कृत," मी म्हणालो.