सोहारमागचा पहारा

फौजेत सतरा वर्षं काढली, पेन्शन घेतली आणि तरी भागेना म्हणून ओमानला आलो. यात मोठेपणा सांगण्यासारखं काही नाही. आमच्या महाडकडचे कितीतरी गडी असेच बाहेर पडतात. तिथल्या सोहार शहराच्या मागे, डोंगराच्या अंगाला, एका ठेकेदाराचं पाइपांचं यार्ड होतं. तिथं आम्ही दोघं वॉचमन, बारा तास तो आणि बारा तास मी. कंपनीची पिकअप एकाला सोडायची, दुसऱ्याला राहायच्या कॅम्पवर आणायची. तो माझ्याच पलटणीतला, माझ्या हाताखाली रायफल धरायला शिकलेला. इतकी वर्षं गेली तरी मला ‘उस्ताद’च म्हणायचा.

बर्फातल्या चौकीवर असताना निदान रेशन यायचं. इथं तीन महिने पगार नव्हता. अर्बाबला, म्हणजे मालकाला, विचारलं की ‘इन्शाल्ला’ म्हणून गाडीची काच वर.

जुलैतली गोष्ट. सकाळी सहाला मी त्याला सोडवायला जाणार होतो. वर्दी घालून कॅम्पच्या फाटकात उभा राहिलो, पण पिकअप येईना. ड्रायव्हरचाही पगार थकलेला, त्यानं चावी टाकून दिली होती. सातला यार्डातून त्याचा फोन.

“उस्ताद, जनरेटरचं डिझेल खलास. पाणी एक बाटली उरलंय. हायवे सात-आठ किलोमीटर आहे. ऊन चढायच्या आत चालत निघू का?”

मी भडकलो. “रिलीफ आल्याशिवाय पोस्ट सोडतात का रे? हेच शिकवलं होतं मी? थांब तिथंच, गाडी निघालीय.”

गाडी निघाली नव्हती. सुपरवायझर म्हणाला होता, अर्ध्या तासात दुसरी पाठवतो. वरून शब्द आला की तो झालाच असं धरायचं, ही आमची जन्माची खोड. नऊ वाजले, दहा वाजले. त्याचा फोन लागेना. टॅक्सी करायची तर खिशात दमडी नाही, आणि कुणाकडे हात पसरायची लाज. त्या लाजेची आज चीड येते.

अकराला रस्त्यावर जाऊन गाड्यांना हात करू लागलो. खजूर घेऊन चाललेला एक म्हातारा ओमानी थांबला. माझं मोडकंतोडकं अरबी ऐकलं आणि “यल्ला” म्हणून त्यानं गाडी यार्डाकडे पळवली.

तो कंटेनरच्या सावलीत भिंतीला टेकून बसलेला. टोपी डोक्यावर, पट्टा आवळलेला, अंग तव्यासारखं तापलेलं. म्हाताऱ्यानं स्वतःचं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. हॉस्पिटलपर्यंत श्वास चालू होता. मग तोही थांबला. उष्माघात, डॉक्टर म्हणाले. मेल्या, एकदा तरी माझं मोडायचं होतंस.

ओळखीपाळखीच्या मराठी माणसांनी धावपळ केली, म्हणून पेटी गावी पोचली. मी सोबत गेलो. बाराव्याला सगळे पांगल्यावर त्याची बायको माझ्यासमोर येऊन बसली.

“तुमच्याशी बोलून झाल्यावर त्यांनी मला फोन केला होता, भाऊजी,” ती म्हणाली. “आधी घाबरले होते. मग म्हणाले, उस्तादांनी सांगितलंय, गाडी निघालीय, आता काळजी नाही.”

मी जायला उठलो.

“परमुलखात तुमचा केवढा आधार होता त्यांना,” असं म्हणून ती माझ्या पाया पडली. मी तिला पडू दिलं.