एक ‘वा!’ आणि भीमराजचं ट्रंपेट

आमच्या ह्यांना, म्हणजे चंद्रप्रकाश परबांना, एकच खोड. गाणं कानावर पडलं की तोंड गप्प राहत नाही. ह्यांचे आजोबा मालवणात भजनाची बारी चालवायचे, त्यांनी लहानपणीच डोक्यात भरवलेलं, "गाणाऱ्यापुढे जो मुको बसता तो माणूस न्हय, धोंडो." झालं! मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत रेडिओपुढेसुद्धा मांडीवर थाप मारून "वा! जियो!" ओरडणार. शेजारच्या नीलाताई विचारायच्या, भांडण झालं का गं?

त्यात वेड कसलं, तर जॅझचं. ते लावलं भीमराज खरातने. भांडुपच्या कारखान्यात तो ह्यांच्या शेजारच्या मशीनवर. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. तिथून एका गोवेकर मास्तरांनी त्याला उचलला आणि फोर्टातल्या हॉटेलात जॅझच्या ताफ्यात उभा केला. पुढे बसच्या अपघातात समोरचे दात गेले. दातांचा आधार गेला की ट्रंपेट फुंकता येत नाही म्हणे. वाजवणं संपलं, कारखाना नशिबी आला.

दर रविवारी तो पिशवीतून रेकॉर्डी घेऊन यायचा. मला तो नुसता गोंगाट वाटायचा. मग भीमराज समजवायचा, "वहिनी, आधी सगळे मिळून चाल वाजवणार. मग एकेकाला मोकळा सोडणार. तेव्हा जे निघतं ते त्या रात्रीचं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तेच वाद्य, पण तसं निघत नाही." हळूहळू कळायला लागलं, ढोलवाला कसा मागे सरकतो, ट्रंपेटला वाट करून देतो. खोटं कशाला बोलू, आवडायला लागलं मला.

चौऱ्याऐंशी साली एका रविवारी त्याने एक कॅसेट ह्यांच्या हातात ठेवली. "माझी आहे. हॉटेलात कुणीतरी टेप केलेली. एवढीच उरलीय. तू ऐक निवांत, पुढच्या रविवारी नेतो."

ह्यांना वाटलं, आपल्याकडे एक नक्कल असावी. शेजारून दुसरा टेपरेकॉर्डर आणला, दोन्ही समोरासमोर ठेवले, एक वाजवायला, दुसरा भरून घ्यायला. पंखा बंद, कुकर उतरवला. मला दम, "वनमाला, श्वास पण हळू घे." आणि स्वतः काय केलं? भीमराजचा सूर वर चढला, चढून तिथेच थांबला, आणि आमचे हे, "वा! जियो!"

स्वतःच्याच तोंडावर चापट मारली आणि रेकॉर्डिंग बंद केलं. म्हणाले, पहिल्यापासून करू. मूळ कॅसेट मागे फिरवायला गेले तर आमच्या मेल्या टेपरेकॉर्डरने फीत गिळली. ओढून काढली तर तुकडे झालेले, नुसता गुंता. "वाट लागली," हे म्हणाले.

मग काय, लपंडाव. रविवारी भीमराज आला की, पोट बिघडलंय सांग. दोनदा मी खोटं बोलले. कारखान्यात ह्यांनी जेवायची वेळ बदलून घेतली. घरात रेडिओ बंद, जेवण अर्धवट. शेवटी माझं टाळकं सटकलं. "अहो, तोंडाने घोटाळा केलात, आता तोंडानेच जाऊन सांगा ना!"

कांजूरमार्गला भीमराजच्या घरी गेलो. ह्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, फितीचा गुंता आणि ती अर्धवट नक्कल त्याच्यापुढे ठेवली. त्याची बायको चंपा चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. भीमराज तो गुंता हातात घेऊन एकेक तुकडा सरळ करायला लागला. मला वाटलं, आता हाकलून देतो. दिलं असतं तर बरं झालं असतं.

"उरलंय ते लाव," तो म्हणाला.

लावलं. त्याने डोळे मिटले. मांडीवर तीन बोटं ट्रंपेटच्या कळा दाबल्यासारखी हलायला लागली. सूर चढला, थांबला. "वा! जियो!" आणि खट्ट. पुढे काही नाही.

भीमराजची बोटं मात्र थांबली नाहीत. मग दात नसलेल्या तोंडाने तो पुढचं गुणगुणायला लागला. अडखळला. "असं नव्हतं," म्हणाला, मागे आला, परत चढला. सूर फाटत होता, मध्येच नुसती हवा निघत होती. पण शेवटपर्यंत गेला तो. मग घाम पुसून ह्यांच्याकडे बघितलं. हे तोंडावर हात दाबून बसलेले.

"का रे चंदू, आता गप्प का?" भीमराज म्हणाला. "इतकं वाईट झालं?"

मी ह्यांना कोपराने ढोसलं. बोला ना मेलं काहीतरी! ह्यांनी तोंडावरचा हात काढला, ओठ हलले, पण ‘वा’ काही निघाला नाही. नुसते रडायला लागले.