वाटीवरचा चमचा

खराडीतल्या आमच्या मालवाहतूक कंपनीत विभागप्रमुखाची जागा दुसऱ्यांदा निघाली, तेव्हा मी डायरीत एकच शब्द लिहिला : इंग्रजी. पहिल्या मुलाखतीनंतर साहेब म्हणाले होते, "काम उत्तम आहे तुमचं, पण परदेशी ग्राहकांशी बोलताना इंग्रजी जरा..." पुढचं वाक्य मी वर्षभर मनातल्या मनात पुरं करत होते. पन्नाशीला दोन वर्षं उरली होती. तिसरी संधी कोणी देणार नव्हतं.

नेमकं कुठे चुकतं, ते कॉलेजातल्या मुलीने शोधून काढलं. "आई, तू सगळ्याच क्रियापदांना इंग लावतेस. आय ॲम नोइंग, आय ॲम हॅविंग!"

"मग? मला कळतंय, मला आठवतंय, असंच म्हणतो की आपण."

"मराठीत म्हण ना. इंग्रजीत नो, हॅव, वाँट ही चालू कामं नाहीत. ती नुसती असतात."

अशी चौदा क्रियापदं मी देवनागरीत, ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर लावली. पण चूक पकडणार कोण? मुलगी सकाळी सातलाच बाहेर पडायची, नवरा फिरतीवर. उरले सासरे. मार्केट यार्डात त्यांनी आयुष्यभर तोलणाराचं काम केलं. इंग्रजीचा गंध नाही, पण पोतं काट्यावर पडल्याच्या आवाजावरून ते कमी भरलंय हे सांगायचे.

"बाबा, या चौदांतला शब्द आला आणि त्याला इंगची शेपटी दिसली, की वाजवा."

त्यांनी स्टीलची वाटी आणि चमचा घेतला. मी मेथी निवडत इंग्रजीत बोलायचे, ते यादी मांडीवर घेऊन ऐकायचे. पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंनी दारातून विचारलं, "आज कसली आरती हो?"

"आरती नाही," बाबा म्हणाले, "आमच्या सूनबाई बोलतायत."

दहा दिवसांत आरती बरीच कमी झाली.

मुलाखत शनिवारी अकराला होती, घरूनच, संगणकावर. मी यादी केली होती : कुकर दहाच्या आत, दारावरची घंटा बंद, काकूंच्या सुताराला सुट्टी, चार्जर, पाणी. सगळ्यावर खुणा झाल्या. समोर पडद्यावर तिघे जण आले. घाटात सहा ट्रक अडकले तर काय कराल, असं विचारलं. हे माझं रोजचंच. मी सुसाट सुटले. मग मधल्या बाईंनी विचारलं, आम्ही तुम्हालाच का निवडावं? उत्साहात मी म्हणाले, "मॅडम, आय ॲम हॅविंग ट्वेंटी-टू इयर्स..."

टण्!

आतल्या खोलीच्या दारामागून. सराव संपला, आज खरी मुलाखत आहे, हे बाबांना कोणी सांगितलंच नव्हतं. ते माझ्या यादीत नव्हतं.

कसला आवाज, बाईंनी विचारलं. एखादं सोयीचं खोटं सुचायला हवं होतं, सुचलं नाही. मी इंग्रजीतच सांगितलं, "माझे सासरे आहेत. मी चुकले की वाजवतात."

"ते इंग्रजीचे शिक्षक आहेत?"

"नाही मॅडम, त्यांना इंग्रजी येत नाही."

दोघे हसले. तिसरे, आतापर्यंत न हसलेले, म्हणाले, "मग चूक काय होती?"

"आय हॅव ट्वेंटी-टू इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स."

आम्ही चौघेही क्षणभर कान देऊन थांबलो. आतून काही वाजलं नाही. मग तेही हसले.

पण बाबांना जेवण गेलं नाही. "माझ्यामुळे गेलं तुझं," एवढंच म्हणत राहिले. "चमचा तुमचा, पण चूक माझी होती ना," मी म्हटलं, तरी वाटी त्यांनी स्वतः घासून मांडणीच्या वरच्या फळीवर ठेवून दिली.

आठ दिवसांनी पत्र आलं. जागा मला मिळाली होती. बाबांनी पत्र उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "यात इंग किती?"

मंगळवारी परदेशी ग्राहकांशी पहिलं बोलणं होतं. आदल्या संध्याकाळी मी यादी केली आणि शेवटी लिहिलं : बाबांची खुर्ची, माझ्या समोर. वाटी नाही, फक्त बोट वर करायचं, असं ठरलं.

अर्ध्या तासात तीनदा बोट वर गेलं. तिन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं.