वहिनींचा अर्धा तास

“उजेड घेतला का?”

दुसरी माणसं भेटल्यावर “चहा झाला का?” विचारतात, वहिनी हे विचारायच्या. ट्रामच्या थांब्यावर विचारायच्या, तुर्की दुकानात कोथिंबीर निवडताना विचारायच्या. विचारताना समोरच्याची हनुवटी वर करून तोंडाकडे निरखून बघायच्या, तापात जीभ दाखवायला सांगणारे डॉक्टर बघतात तशा. आपण “हो” म्हणालो, तरी खरं बोलतोय की नाही ते त्यांना लगेच कळायचं.

ही जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची गोष्ट, दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. मी तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होते. वहिनींचे यजमान गाड्यांच्या एका कंपनीत इंजिनियर. आम्ही सगळी मराठी मुलं-मुली त्यांना वहिनीच म्हणायचो. त्या मूळच्या सोलापूरच्या, तिथल्या शाळेत भूगोल शिकवायच्या. पृथ्वीचा आस कललेला असतो, उत्तरेकडे हिवाळ्यात दिवस लहान होतात, हे त्यांनी बारा वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. “शिकवलं, पण ते अंगावर येईल असं वाटलं नव्हतं गं,” असं त्या म्हणायच्या.

अंगावर आलं ते पहिल्याच हिवाळ्यात. तिथं डिसेंबरात सकाळी साडेआठपर्यंत उजाडत नाही, दुपारी चारला अंधार, आणि मधले जे तास असतात तेही राखाडी. वहिनींना आधी झोप जास्त येऊ लागली. मग स्वयंपाकाचा कंटाळा, मग फोन घ्यायचा कंटाळा. आईचा फोन वाजत राहायचा आणि त्या बघत बसायच्या. यजमानांना वाटलं, घरची आठवण येत असेल, होईल सवय. वहिनींनी स्वतःचं निदान केलं होतं, ते याहून वाईट. “मी आळशी झाले,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं कधी नव्हते, आता इथं आयतं मिळाल्यावर झाले.”

एके दिवशी दुपारी त्या सोफ्यावर आडव्या झाल्या आणि मुलीला किंडरगार्टनमधून आणायची वेळ टळून गेली. दारावरची बेल वाजली तेव्हा बाहेर किंडरगार्टनच्या बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या हाताला धरून पाच वर्षांची मुलगी, टोपी-मफलर घालून. वहिनी तिथंच रडायला लागल्या. आता ह्या बाई तक्रार करणार, आपल्याला आई म्हणून नालायक ठरवणार, असं त्यांना वाटलं. बाईंनी तसं काही केलं नाही. त्या आत आल्या, मुलीचे बूट काढले आणि कागदावर एक मोठा शब्द लिहून दिला. खाली एका डॉक्टरीण बाईंचं नाव.

वहिनींनी तो शब्द शब्दकोशात शोधला. हिवाळ्यातलं नैराश्य.

“मला इतकं हलकं वाटलं,” त्यांनी नंतर मला सांगितलं. “आळशीपणाला औषध नसतं. पण ह्याला नाव होतं. नाव आहे म्हणजे कुणाला तरी हे आधी झालेलं असणार.”

डॉक्टरीण बाईंनी नीट तपासलं, रक्त बघितलं, डोळे तपासून घ्यायला लावले आणि मग रोज सकाळी अर्धा तास एका खास दिव्यासमोर बसायला सांगितलं. तो दिवा म्हणजे उभं केलेलं पांढरं ताट म्हणा. लावला की स्वयंपाकघरातली झाऱ्याची भोकंसुद्धा मोजता येतील इतका लख्ख. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, तो जरा बाजूला ठेवून आपण आपलं खायचं, वाचायचं. दहाएक दिवसांनी एका सकाळी वहिनींनी कांदा चिरायला घेतला आणि आपण गुणगुणतोय हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली आणि यजमानांना हाक मारली, “अहो, ऐकताय का? मी गाणं म्हणतेय!”

इथवरचं सगळं मी त्यांच्याकडून ऐकलेलं. यापुढचं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

जानेवारीत एकींच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आम्ही पंधरा-सोळा बायका, तिळगूळ पुण्याहून आलेला. कुणीतरी वहिनींना म्हणालं, “काय हो, मध्ये दिसला नाहीत. आता एकदम टवटवीत! काय करता काय?”

“मला डिप्रेशन आलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “हिवाळ्यातलं. डॉक्टरांकडे गेले. उपचार चालू आहेत.”

कुणीतरी वाटीतला तीळ चमच्यानं उगाच हलवत राहिलं. यजमानीण बाई घाईघाईनं म्हणाल्या, “अगंबाई, पण आता बरं आहे ना? मग तो विषय नको.”

“का नको?” वहिनींनी शांतपणे विचारलं. “गुडघ्याचं चाललं होतं की इतका वेळ.”

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि इतकं धाडस मी तोवर कुणात बघितलं नव्हतं. तुम्हाला वाटेल, यात कसलं धाडस? तर त्या काळी, त्या खोलीत, साड्या नेसून बसलेल्या आम्हा बायकांमध्ये तो शब्द उच्चारून बघा. त्या संध्याकाळी वहिनी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या आणि एकेक करून चौघीजणी त्यांच्यामागे गेल्या. चौथी मी होते.

त्यानंतर वहिनींच्या स्वयंपाकघरात सकाळी सातला माणसं येऊ लागली. ज्यांना डॉक्टरांनी सांगितलंय पण एकट्यानं उठवत नाही, ती. नियम कडक होता: “आधी डॉक्टर, मग दिवा.” चिठ्ठीशिवाय आलेल्याला पोहे मिळायचे, दिव्यासमोरची खुर्ची नाही. यजमान बिचारे टेबलाच्या कोपऱ्यात सरकून आपला ब्रेड खायचे. एका मुलानं पहिल्या दिवशी गॉगल लावला होता. “काढ तो,” वहिनी म्हणाल्या, “छत्री घेऊन आंघोळीला बसतोस का?”

एकदा तर इमारतीचा हाउसमायस्टर, म्हणजे देखभाल करणारा गृहस्थ, दारात येऊन उभा राहिला. रोज पहाटे खिडकीत हा असा झगझगीत उजेड, ये-जा करणारी पोरं. आत गांजाबिंजाची रोपं वाढवताहेत की काय, अशी त्याची शंका. वहिनींनी मोडक्या जर्मनमध्ये त्याला आत बोलावलं आणि दिवा दाखवला.

“रोपं नाहीत,” त्या म्हणाल्या. “माणसं.”

तो गडी खाली मान घालून हसला. पुढच्या आठवड्यात पत्ता घेऊन तोही त्याच डॉक्टरीण बाईंकडे गेला.

दिवा म्हणजे चमत्कार नव्हता. पुढच्या ऑक्टोबरात वहिनींनी “आता मला काय झालंय” म्हणून टाळाटाळ केली आणि पुन्हा आठवडाभर अंथरुणात पडून राहिल्या. तेही त्यांनी लपवलं नाही. येईल त्या प्रत्येकाला सांगितलं, “मी चुकले, तुम्ही चुकू नका.”

त्याच हिवाळ्यात अविनाश येऊ लागला. नांदेडचा, रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारा, अबोल. हिवाळ्याचा त्रास म्हणून त्यालाही डॉक्टरांनी दिवा सांगितला होता. तो वेळेवर यायचा, अर्धा तास बसायचा, ताटली धुऊन जायचा. दोन आठवडे झाले, चेहऱ्यात फरक नाही. मग एका सकाळी ताटली धुताधुता, पाठमोराच, तो म्हणाला, “वहिनी, उद्यापासून मी नाही येत. सकाळी उठूच नये असं वाटतं. कधीच.”

वहिनींनी दिवा बंद केला.

“कधीच म्हणजे? जिवाचं काही करायचं मनात येतं का तुझ्या?”

असं सरळ विचारलं त्यांनी. त्यानं नळ बंद केला आणि होकारार्थी मान हलवली.

“बरं केलंस सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “हे दिव्याचं काम नाही. कोट घाल.”

मला त्यांचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये पोचले होते. “ट्राम पकड आणि दवाखान्यात ये. माझं जर्मन तिथं कमी पडेल.” मला पोचायला चाळीस मिनिटं लागली. तोवर काय झालं ते अविनाशनंच मला पुढे सांगितलं. काउंटरवरच्या मुलीनं वही बघून टेरमिन दिला, म्हणजे भेटीची वेळ, तीन आठवड्यांनंतरची. वहिनींनी पर्स काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, “हॉयटे.” आज. ती मुलगी समजावत राहिली, वहिनी प्रत्येक वाक्याला “या, या, गेनाऊ” म्हणत राहिल्या, हो, अगदी बरोबर, आणि शेवटी पुन्हा “हॉयटे.” मग जर्मनमध्ये चार शब्द जुळवून म्हणाल्या, “तो जगायला नको म्हणतो.” ती मुलगी उठली आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली.

मी धापा टाकत पोचले तेव्हा अविनाश आत होता आणि वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. घरातली चप्पल तशीच पायात, बाहेर बर्फ. माझी काही गरजच पडली नव्हती.

“जमलं गं मला,” त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे ओली चप्पल काढून त्यांनी पाय बाकावर घेतले.

अविनाश काही आठवडे रुग्णालयात राहिला, मग औषधं, मग बोलण्याचे उपचार. त्यानं आईला फोन केला तेव्हा वहिनी शेजारी बसल्या होत्या. मध्येच त्यांनी फोन घेतला आणि म्हणाल्या, “काकू, मुलगा हुशारच आहे तुमचा. आजारी आहे, बरा होतोय.” पुढे वर्षभर तो सकाळी पोहे खायला येत राहिला.

तीन वर्षांनी वहिनी आणि घरची मंडळी भारतात परतली. त्या दिवशी मी गावात नव्हते, त्यामुळे मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याआधी दोन महिने, अविनाशच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला.

वहिनी निळी काठापदराची साडी नेसून शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. पाऊण तासातलं एक अक्षर त्यांना कळलं नाही, पण वळून बघणाऱ्यांकडे त्या अशा बघत होत्या की जणू प्रबंध त्यांनीच तपासलाय. नंतर बाहेर कॉरिडॉरमध्ये तिथल्या रीतीप्रमाणे अविनाशच्या डोक्यावर मित्रांनी बनवलेली पुठ्ठ्याची चौकोनी टोपी चढवली. त्याचे प्राध्यापक वहिनींकडे वळले आणि आदरानं म्हणाले, “आपण याच्या आई का?”

“आई?” वहिनी माझ्या कानात पुटपुटल्या. “एवढी म्हातारी दिसते का गं मी?” मग प्राध्यापकांना म्हणाल्या, “नाइन.” नाही. “मी याला नाश्ता देते.”

सगळे हसले. अविनाश हसला नाही. तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाला, “तीन वर्षांपूर्वी मला नैराश्य होतं. मला जगायचं नव्हतं. ह्या मला हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेल्या.”

कुणी विषय बदलला नाही. प्राध्यापकांनी हातातला पेला खिडकीत ठेवला आणि वहिनींचा हात दोन्ही हातांत घेतला. त्या लाजून लाल झाल्या, आणि मग काहीतरी करायचं म्हणून टाचा उंचावून अविनाशची तिरकी झालेली टोपी सरळ करू लागल्या. तो त्यांच्याहून हातभर उंच. त्यानं मान खाली वाकवली आणि त्यांचं होईपर्यंत तसाच उभा राहिला.