सेवानायाच्या नावावरचं डुक्कर

डोंगर ढगात बुडालेला, हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटलेली, आणि सेवानाया गुडघाभर चिखलात वाकून अळूच्या वाफ्यातलं गवत उपटत होता. खरं तर आमच्या नदीकाठची त्याच्या वयाची सगळी पोरं ऑस्ट्रेलियात संत्री तोडायला गेलेली. यालाही जायचं होतं, पण पोलीस दाखला देईनात. त्याच्या नावावर एक डुक्कर होतं.

डुक्कर मूळचं उसायाचं. उसायाची आई वारली तेव्हा या कंजूष माणसानं मयताच्या जेवणाला दोन मरतुकड्या कोंबड्या काढल्या. म्हातारीनं सेवानायाला लहानपणी जेवू घातलेलं. त्यानं रातोरात उसायाचंच डुक्कर ओढून आणून जमिनीतल्या भट्टीत पुरून भाजलं. गावानं ते चाटूनपुसून खाल्लं. उसायानं तर बरगडी दोनदा मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी कुंपण रिकामं दिसल्यावर पोलीस चौकी गाठली.

मग रीतीप्रमाणे सेवानाया व्हेलचा दात आणि कुटून प्यायच्या यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन उसायापुढं मान खाली घालून बसला. उसायानं ओंजळीनं तीन टाळ्या वाजवल्या. टाळी पडली की आमच्याकडं गोष्ट संपते, पुन्हा विषय काढायचा नसतो. पण तक्रार कोर्टात पोचलेली, आणि कोर्टानं विचारलं तेव्हा गडी हसत म्हणाला, "व्हय साहेब, मीच चोरलं. मिटलंय ते." कोर्टानं 'दोषी' लिहिलं. तेव्हापासून गाव त्याला डुकऱ्या म्हणतं. म्हणणाऱ्यांत बरगडीवालाही आलाच.

यंदा शहरातल्या वकीलबाई पार्मिला गाउंडर यांनी त्याची केस हातात घेतली. 'दोषी' खोडून नुसती ताकीद ठेवावी, असा अर्ज त्यांनी मोठ्या कोर्टात केला.

"तू एक शब्द बोलायचा नाहीस," बाईंनी बजावलं. "मागच्या वेळी बोललास आणि बुडालास."

"न्हाई बोलत, बाई."

"आणि त्या पोत्यात काय आहे?"

"काय न्हाई. घरचंच हाय."

न्यायाधीश लंकेहून आलेले, कडक इस्त्रीचे. सरकारी वकील आपिसाई मात्र आमच्याच डोंगरापलीकडचा. तो हरकत घ्यायला उठतोय तोच सेवानाया चपला काढून रांगत पुढं गेला, त्याच्या पायाशी मांडी घालून बसला, पोत्यातली यांगोनाची जुडी पुढं ठेवली आणि माफीचं जुनं बोलणं पुटपुटायला लागला. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. पण आपिसाईच्या ढुंगणाखालची खुर्ची सुटली, तोही जमिनीवर बसला, आणि त्याच्या हातांनी आपोआप ओंजळ करून तीन टाळ्या दिल्या. दाराजवळचा हवालदारही वाजवून मोकळा झाला.

"हे काय चाललंय?" न्यायाधीश म्हणाले.

"साहेब, त्यानं माफी मागितली."

"कोणाकडे?"

"सरकारकडं. म्हणजे, आता माझ्याकडंच म्हणायचं."

"मग?"

"मी टाळ्या वाजवल्या, साहेब." आपिसाईनं मान खाली घातली. "आता हरकत घेतली तर माझी आई मला जेवायला वाढायची नाही."

न्यायाधीशांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मग विचारलं, "त्या डुकराचं शेवटी काय झालं?"

वकीलबाई पहिल्यांदाच हसल्या. "फिर्यादीनं खाल्लं, साहेब. दोनदा मागून."

'दोषी' खोडलं गेलं. ताकीद राहिली, आणि जुडी ताबडतोब कोर्टाबाहेर न्यायचा हुकूम झाला. तो हुकूम गावानं मनापासून पाळला. त्या संध्याकाळी ती जुडी कुटून पाण्यात कालवून प्यायला सगळ्यांत आधी कोण बसलं असेल तर उसाया. वर म्हणतो, "पोराचं नाव साफ झालं बघा, माझ्यामुळं."

दाखला आला, पण संत्र्यांना अजून अवकाश आहे. सेवानाया पुन्हा चिखलात उतरला. बांधावरून उसायानं हाक मारली, "ए डुकऱ्या, माझ्या वाफ्यातलं पण गवत काढ की जाता जाता."

"ओ," सेवानाया म्हणाला, आणि वाकून पुढच्या रोपाकडं सरकला. उसायाच्या वाफ्यातलं गवत मात्र त्यानं तसंच ठेवलं.