चौथी लाल नोंद

दत्ताराम चाळके याने एकतीस वर्षं मुंबईचे रस्ते खोदले. विक्रोळी, घाटकोपर, मुलुंड. विजेच्या केबलसाठी चर खणायचा, तळाला वाळू पसरायची, केबल टाकायची, वर पुन्हा वाळू, मग विटांचा थर, मग माती. मुकादम तीन फुटांच्या जागी दोन फुटांवर उरकायला सांगत. "खाली कोण बघायला जातंय रे?" असं कोणी म्हटलं की दत्ताराम पहार उचलायचा आणि राहिलेला फूटभर खणायचा. त्याच्या हाताखालून गेलेली केबल पुन्हा उकरावी लागली, असं अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्याआधी नऊ वर्षं तो फौजेत होता. असल्फ्याच्या चाळीत त्याला 'फौजी' म्हणूनच हाक मारत. तो फौजेतून कसा परत आला, हे मात्र बायको रत्नप्रभा सोडून कोणाला माहीत नव्हतं.

दोन हजार बावीस साली चाळ पुनर्विकासाला निघाली. पोटमाळा रिकामा करताना मुलगी रुचिरा हिला पत्र्याच्या पेटीत एक इंग्रजी कागद सापडला. तिने तो दोनदा वाचला.

"बाबा, इथे 'अनडिझायरेबल' लिहिलंय. म्हणजे नकोसा ना?"

दत्ताराम गाठोडं बांधत होता. त्याने गाठ पुरी मारली, मग म्हणाला, "होय. नकोसा शिपाई."

"पण तुम्ही केलंत काय?"

"सुट्टीवरून उशिरा गेलो. चार वेळा."

"एवढंच?"

"एवढंच कसं? चार वेळा म्हणजे चार वेळा."

फौजेत मोठी शिक्षा झाली की ती शिपायाच्या कागदांवर लाल शाईने चढते. अशा चार नोंदी झाल्या की त्याला घरी पाठवता येतं. दत्तारामच्या चारही नोंदी शिमग्याच्या होत्या.

गुहागरकडच्या त्याच्या गावात शिमग्याला देवाची पालखी निघते आणि पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत घरोघर फिरते. होळीच्या दिवशी पालखीला पहिला खांदा चाळक्यांचा. चाळक्यांच्या घरात माणूस नसला किंवा सुतक असलं, तर तो मान घागांच्या घराकडे जातो. आणि गावात एकदा गेलेला मान परत आल्याचं कोणाला आठवत नाही. चाळक्यांच्या घरात खांदा द्यायला दोनच पुरुष होते, मोठा नंदकुमार आणि धाकटा दत्ताराम. म्हणून दत्ताराम दर वर्षी शिमग्याला सुट्टी घ्यायचा. पालखी फिरत असताना सुट्टी संपायची. मग नंदकुमार तालुक्याला जाऊन पलटणीला तार करायचा : आई सिरियस, सुट्टी वाढवा. आई तेव्हा अंगणात बसून आमसुलं वाळवत असायची. तीन वर्षं तीन तारा गेल्या. पलटणीने चौकशी केली, तिन्ही खोट्या निघाल्या आणि तीन लाल नोंदी झाल्या.

चौथ्या वर्षी, एक्याण्णव साली, आई खरंच आजारी पडली. खाडीपलीकडे मावशीकडे गेली होती, तिथेच अंथरुणाला खिळली. दत्ताराम सुट्टीवर आला तो थेट तिच्या उशाशी. सव्वीस फेब्रुवारीला ती गेली. होळी दोन दिवसांवर होती. नंदकुमार रात्रीच होडीने आला. त्याने आईच्या पायाला हात लावला आणि भावाला बाजूला घेऊन म्हणाला, "दत्ता, पालखी देवळात बसेपर्यंत गावात सांगायचा नाय. सुतक लागला तर घाग खांदा नेतील. आयेला तरी ते आवडला असता काय?"

दत्ताराम हो म्हणाला. त्याच्या आयुष्यात त्याने घाईने उरकलेलं हे एकच काम.

नंदकुमार उजाडायच्या आत गावी परतला; अग्नी दत्तारामने एकट्याने दिला. तेरा दिवस मावशीच्या पडवीत बसून सगळं केलं. त्याच दिवसांत पलीकडच्या किनाऱ्यावर नंदकुमारने पहिला खांदा दिला. दत्ताराम तेरा मार्चला पलटणीत हजर झाला. सुट्टी एक तारखेला संपली होती. बारा दिवस उशीर, डोकं भादरलेलं. त्याने सांगितलं, साहेब, या वेळी आई खरंच गेली. साहेबाने गावाला पत्र टाकलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. ग्रामपंचायतीच्या दप्तरात आईच्या मृत्यूची तारीख होती अठरा मार्च. पालखी देवळात बसल्यावर नंदकुमारने गावात आई वारल्याचं जाहीर केलं होतं, डोकं भादरलं होतं, सुतक धरलं होतं आणि तीच तारीख लिहवली होती.

साहेबाने कागद टेबलावर सरकवला. "चालके, तू तो माँ के मरने से पाँच दिन पहले ही सर मुंडवा के आ गया."

बाजूचा सुभेदार हसला. त्याच आठवड्यात चौथी लाल नोंद झाली, आणि पुढच्या महिन्यात दत्ताराम पेटी घेऊन घाटकोपरला उतरला. पालिकेच्या नोकरीसाठी पन्नास किलोचं पोतं घेऊन धावण्यात तो पहिला आला होता. कागद बघितल्यावर तिथल्या माणसाने त्याचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी घातला. त्यानंतर दत्तारामने ठेकेदाराकडे पहार धरली आणि तो कागद कुठे दाखवला नाही. कोणत्याही अर्जात 'माजी सैनिक?' असा रकाना आला की तो तिथे आडवी रेघ मारायचा.

रुचिराने मुलुंडच्या एका वकीलबाई शोधल्या. रेवती देवधर. फौजेच्या लोकांचेच दावे चालवायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, तुम्हाला हवंय काय? पेन्शन बसणार नाही, नऊच वर्षं झालीत."

"पेन्शन नको. तो शब्द काढा."

"मग चौथी नोंद पाडावी लागेल. ती पडली की तीन उरतात, आणि तिनांवर तुम्हाला असं काढता आलं नसतं."

त्यांनी रेकॉर्ड ऑफिसला पत्र घातलं. उत्तर आलं की पेन्शन नसलेल्या शिपायाचे कागद पंचवीस वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट करतात, तसे केले आहेत. नोंदवहीत एक ओळ उरली आहे. नंबर, नाव, आणि नकोसा म्हणून काढला.

"म्हणजे पुरावा जळला, शिक्का राहिला," रुचिरा म्हणाली.

"ओळ आहे तर ओळ बदलता येईल," वकीलबाई म्हणाल्या. "पण मृत्यूच्या दाखल्यावर अठरा मार्च आहे. ती तारीख खोटी आहे असं कोणीतरी शपथेवर सांगायला हवं. ज्याने लिहवली त्याने सांगितलं तर उत्तम."

नंदकुमार गावच्या मुंबई मंडळाच्या सभेसाठी घाटकोपरला आला, तेव्हा उतरला भावाकडेच. आता तो देवस्थानचा अध्यक्ष होता.  जेवण झाल्यावर दत्तारामने कागद पुढे ठेवला.

"दादा, यावर सही दे. आय सव्वीस फेब्रुवारीला गेली, एवढंच लिहिलंय."

नंदकुमारने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "तुला येड लागला काय? हे लिहून दिला तर मी सुतकात पालखीला खांदा दिला असा होतो."

"दिलास ना?"

"तूच हो म्हणालास."

"गावात नाय सांगायचं, एवढ्याला हो म्हणालो. दप्तरात खोटी तारीख लिही म्हणालो नव्हतो."

"गावात एक तारीख नि दप्तरात दुसरी? ग्रामसेवक आपल्याच वाडीतला. दुसऱ्या दिवशी गावभर झाला असता." नंदकुमारने कागद परत सरकवला. "आता या वयात तुला कोण विचारतो रे फौजेतून कसा आलास ते? अख्खी चाळ फौजी म्हणते ना?"

रत्नप्रभा ओट्याशी उभी होती. "भावोजी, चाळ फौजी म्हणते, पण चाळीबाहेर कागद मागतात," ती म्हणाली. "तीस वर्षं पहार मारली, ती तुमच्या खांद्यापायी."

"रत्नप्रभा, देवाचं काम होतं ते."

"मग देवाकडूनच घेते सही."

नंदकुमार सकाळी चहा न घेता गेला.

आई गेली तेव्हा गावचा आणखी एक माणूस तिथे होता. श्यामसुंदर घाग. त्याची सासुरवाडी मावशीच्या गावातली. बायकोला शिमग्यासाठी न्यायला आला होता. तिरडीला माणसं कमी पडली, म्हणून त्याने खांदा दिला होता. चितेजवळ दत्तारामने त्याचा हात धरला होता, श्यामभाऊ, गावात बोलू नको. आणि घाग बोलला नव्हता. एक शब्द बोलला असता तर त्या वर्षीच पहिला खांदा त्याच्या घरी गेला असता.

आता तो मुलुंडला मुलाकडे होता. गिरणीत कान गेलेले, म्हणून मोठ्याने बोलायचा. दत्तारामचं सगळं ऐकल्यावर तो बराच वेळ गुडघे चोळत बसला.

"मी शब्द पाळला की नाय?"

"पाळलास, श्यामभाऊ."

"बत्तीस वर्षं. माझा बाप दर शिमग्याला विचारायचा, आपला नंबर कधी लागायचा. त्यालाही सांगितला नाय. तो तसाच गेला."



"आता तू सांगतोस बोल. मी बोलेन. शपथेवर बोलेन. पण एक ऐक. कोर्टात खरा नि गावात खोटा, हे मला जमायचा नाय. एकदा तोंड उघडला की सगळीकडे उघडणार. गावकीत पण. तुझ्या भावाच्या तोंडावर."

"मला माहीत आहे."

"घरी जा, विचार कर. तुझा पण घर आहे ते."

दत्ताराम घरी आला.   तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि घागाला घेऊन वकीलबाईंच्या ऑफिसात गेला.

स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात त्याने तीन खोट्या तारांचंही लिहायला लावलं.

"ते कशाला, काका?" रेवतीबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे आता कागदच नाहीत. आपण आपलं चौथीचंच बोलू."

"बाई, तीन माझ्या आहेत. त्या मी फेडल्या, चौदा-चौदा दिवस कोठडीत. चौथी माझी नाही. सगळं सांगितलं तरच ते कळेल."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवला. "आणि हा कागद एकदा दाखल झाला की तुमचा राहत नाही. कोणीही नक्कल मागू शकतं. भाऊसुद्धा. ठाऊक आहे ना?"

"सही कुठे करू?"

दावा चौदा महिने चालला. बत्तीस वर्षं कुठे होता, असं पहिल्याच दिवशी विचारलं गेलं. "खड्ड्यात होतो, साहेब," दत्ताराम म्हणाला. वकीलबाईंनी त्याला गप्प केलं आणि तेच कायद्याच्या भाषेत सांगितलं. घागाने साक्ष एवढ्या मोठ्याने दिली की बाहेरचा शिपाई आत डोकावला. तिरडी कुठल्या वाटेने नेली, ओहोटी होती की भरती, लाकडं कोणी फोडली, सगळं त्याच्या लक्षात होतं. निकालात लिहिलं की चौथी नोंद चुकीच्या तारखेवर उभी आहे, ती टिकत नाही. शिपायाला कोणताही ठपका न ठेवता सेवेतून मुक्त केलं असं धरावं. चारित्र्य : चांगले. मागचे कोणतेही लाभ मिळणार नाहीत.

त्याच माघात गावकी बसली. घाग मुंबईहून गेला आणि बोलला, सांगितल्याप्रमाणे नंदकुमारच्या तोंडावर. नंदकुमारने नाही म्हटलं नाही. घराची शुद्धी करून घ्यावी, देवाला गाऱ्हाणं घालावं आणि यापुढे पहिला खांदा घागांनी द्यावा, असं ठरलं. देवस्थानचं अध्यक्षपदही गेलं. शिमग्याला पालखी चाळक्यांच्या अंगणात आली तेव्हा दार बंद होतं. ढोल थोडा वेळ वाजत राहिले आणि पालखी पुढच्या घराला गेली. हे दत्तारामला मंडळाच्या माणसांकडून कळलं. तो गावाला गेला नव्हता. कोणत्या तोंडाने जाणार होता, हा एक प्रश्न, आणि कोणी बोलावलंही नव्हतं, ही दुसरी गोष्ट.

चैत्रात टपालाने नवा दाखला आला. दत्तारामने हात धुतले, पुसले, मग पाकीट उघडलं. एकच कागद होता. नंबर बरोबर, नाव बरोबर, शब्द बदललेला. रुचिराने त्याचे फोटो काढले. रत्नप्रभाने देवासमोर ठेवायला मागितला, तर तो म्हणाला, "तिथे नको."

दुपारी त्याने भावाला फोन लावला. वर्षभरात तो पहिलाच. नंदकुमारने उचलला.

"दादा, कागद आला."

"झाला काय तुझा साफ?"

"झाला."

"वाच."

दत्तारामने वाचला. इंग्रजी अडखळत वाचलं, मग मराठीत सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"आयची तारीख कुठची धरली त्यांनी?"

"सव्वीस फेब्रुवारी."

"हां." नंदकुमार खोकला. "मी बत्तीस वर्षं तिच्या नावाने भलत्याच तिथीला पान वाढत आलो. गावाला दाखवायला. घरात बायकोपोरांना पण तीच तिथी सांगितली. आता सगळ्यांना कळला. आता या घरात तिचा पान वाढायचाच नाय, असा पोरगा म्हणतो. लाज वाटते म्हणतो."

"दादा..."

"तुझा कागद आहे ना आता. तू वाढ."

फोन बंद झाला. दत्ताराम तो हातात धरून उभा राहिला. रत्नप्रभा स्वयंपाकघरातून आली.

"काय म्हणाले?"

"तारीख विचारली," दत्ताराम म्हणाला.